दहा मिनिटं पुढे

शरयू अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटहून आली ती सोमवारची दोन तिकिटं काढूनच. एक स्वतःचं, एक बाबांचं. बाबांना खिडकीची सीट आणि व्हेज जेवण. एवढी तयारी करून आलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे संजीवला लहानपणापासून ठाऊक होतं. पण धाकट्या भावाला ठाऊक असून भागत नाही, वाद घालावाच लागतो.

शुक्रवारी सकाळी संजीवच्या ट्रॉयमधल्या घरात सगळे पोह्यांना बसले होते. राजाराम, वय वर्षं एक्क्याऐंशी, टेबलाच्या टोकाला चहा पीत होते आणि त्यांच्याबद्दलची चर्चा त्यांच्या डोक्यावरून चालली होती.

"जानेवारीत ड्राइव्हवेवर घसरले, मनगट मोडलं," शरयू म्हणाली. "आता पुढच्या जानेवारीत काय मोडायची वाट बघायची? आमच्याकडे बर्फ नाही. त्यांना कायमचं तिकडेच घेऊन जाते."

"तिकडे दिवसभर करणार काय ते, ताई? तू आणि प्रसाद आठलाच बाहेर पडता. इथं त्यांचं म्युझियम आहे."

"म्युझियम कसलं, दोन घड्याळं आहेत तिथं."

"आत्या, दॅट्स द होल पॉइंट," नैना म्हणाली. संजीवची ही मुलगी अॅन आर्बरला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि खास या शनिवारसाठी घरी आली होती. "देअर आर टू. एक असतं तर काय, कुणीही चालवेल."

नैनाचं म्हणणं खरं होतं. ट्रॉयच्या उत्तरेला चाळीस मिनिटांवर जुन्या रेल्वेचा एक तुकडा गावातल्या हौशी लोकांनी म्युझियम म्हणून जपून ठेवला होता. सव्वा मैलाच्या अंतरावर दोन लाकडी स्टेशनं, एक मोठं आणि एक लहान. दर शनिवारी त्यांच्यामध्ये पोराबाळांना घेऊन एक गाडी डुलत डुलत जायची. दोन्ही स्टेशनांत एकेक उंच लंबकाचं घड्याळ होतं आणि दोघांचं एकमेकांशी कधी जमत नव्हतं. भुसावळला रेल्वेच्या तारखात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. तिथं रोज दुपारी चारच्या ठोक्याला कंट्रोल ऑफिसकडून वेळेचा सिग्नल यायचा आणि सगळ्या स्टेशनांवरचे मास्तर आपापली घड्याळं लावायचे. राजारामांनी गेलं वर्षभर नैनाला हाताशी धरून खांबांवरच्या जुन्या तारा पुन्हा जिवंत केल्या होत्या.

युक्ती दीडशे वर्षांपूर्वीची होती. मोठ्या घड्याळाचा लंबक दर सेकंदाला एक बटण दाबतो आणि तारेतून विजेचा एक झटका लहान स्टेशनात जातो. तिथल्या लंबकाखाली तारेचं वेटोळं आहे. ते प्रत्येक झटक्याला लंबकाला जरासं ओढतं. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण बोटानं लय देतो, तसं. लंबक मागे पडत असेल तर सावरतो, पुढे पळत असेल तर आवरतो. शेवटी दोघं एका चालीनं चालायला लागतात.

हे खरंच चालतं का, याची परीक्षा शनिवारी दुपारी बारा वाजता होती. चाललं तर घड्याळं कायमची ठेवायची आणि राजारामांना त्यांचं मुख्य करायचं, नाही तर दोन्हीकडे बॅटरीवरची घड्याळं लावून टाकायची, असं म्युझियमच्या कमिटीनं ठरवलं होतं. संजीवनं त्यातच आपला प्रश्न मिटवून घेतला.

"असं करू," तो म्हणाला. "उद्या घड्याळं चालली तर बाबा इथं. नाही चालली तर ताई, ते तुझे."

"डन," शरयू म्हणाली.

सिंककडे तोंड करून उभ्या असलेल्या संजीवच्या बायकोनं, यामिनीनं, कढई जरा जोरातच ठेवली.

"बरं," राजाराम म्हणाले आणि बशीत उरलेला चहा पिऊन टाकला.

*

दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना राजाराम मोठ्या स्टेशनात टेबलाशी बसले. शेजारी म्युझियमचे अध्यक्ष वॉल्टर होते, स्वतः जुने रेल्वेवाले. दोघांची मैत्री दर शनिवारी एकाच भांडणावर वाढली होती. वॉल्टरना तारेच्या ठोक्यांची भाषा, म्हणजे मोर्स, यायची ती अमेरिकेतली जुनी, राजारामांना बाकी जगाची. काही अक्षरं सारखी, काही भलतीच. त्यामुळे दोघांपैकी एक नेहमी दुसऱ्याला अडाणी समजायचा.

चार वाजले. राजारामांनी तारेच्या बटणावर एकच ठोका दिला. पलीकडे लहान स्टेशनात नैनानं काटे चारवर धरून ठेवले होते, तिनं लंबक सोडला आणि फोन केला.

"सेट, आजोबा. ऑन द डॉट."

"आता कुणी हात लावायचा नाही. उद्या दुपारपर्यंत."

"आय नो, आय नो."

वॉल्टरनी नियम कडक केला. पाच वाजता ते स्वतः लहान स्टेशनाला कुलूप घालणार, वर कागद चिकटवून सही करणार आणि उद्या पावणेबाराला ते सगळ्यांसमोर उघडलं जाणार. राजारामांना तो नियम आवडला. सव्वा मैलावर आपण पाठवलेला सेकंद कुणीतरी ऐकतंय, या विचारानं त्यांना वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. म्हाताऱ्या माणसाकडे लोक प्रेमानं बघतात, काळजीनं बघतात, पण त्याच्या कामावर कुणी विसंबून राहत नाही. हे घड्याळ विसंबून राहणार होतं.

*

नैना कार घेऊन मोठ्या स्टेशनाकडे निघून गेली आणि लहान स्टेशनात नणंद-भावजय दोघीच उरल्या. उद्या पाहुणे येणार म्हणून यामिनी झाडत होती. शरयूला बसून राहणं जमत नसे, तिनं ओलं फडकं घेतलं.

"मी तुझीच सुटका करतेय, यामिनी," काच पुसता पुसता ती म्हणाली. "बारा वर्षं केलंस तू. आता माझी पाळी."

"मी सुटका मागितली होती का, ताई?"

"तू मागणार नाहीस, म्हणून तर."

यामिनीनं झाडू भिंतीला टेकवला. "बाबा रोज साडेपाचला उठून माझा चहा ठेवतात. फार्मसीत लोक दिवसभर माझ्यावर ओरडतात. ते घरी येऊन मी कुणाला सांगते, माहितेय तुम्हाला? तुमचा भाऊ फोनमधून डोकं काढत नाही. बाबा ऐकतात. आणि दुसऱ्या दिवशी आठवणीनं विचारतात, त्या इन्शुरन्सवाल्या बाईचं पुढे काय झालं म्हणून."

शरयूला वाटत होतं, सासऱ्याला न्यायला आलेल्या नणंदेचं इथं स्वागत होईल. हे उत्तर तिच्या हिशोबात नव्हतं. आणि उत्तर सुचलं नाही की शरयूचे हात चालू लागत. तिनं घड्याळाची काच उघडली, आतली तबकडी पुसली, खिशातल्या फोनवर वेळ बघितली आणि मिनिटकाटा बोटानं दहा मिनिटं पुढे सरकवून काच लावली.

यात लबाडी काडीची नव्हती. भुसावळच्या क्वार्टरमध्ये आईनं भिंतीवरचं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असायचं. बाबांना ड्यूटीला उशीर होऊ नये, पोरांची शाळा चुकू नये म्हणून. घराबाहेर सेकंदासाठी भांडणारे बाबा घरात ती दहा मिनिटं मुकाट्यानं सोसायचे. शरयूनं फ्रीमाँटला तेच चालू ठेवलं होतं. ओव्हन, बेडरूम, गाडी, सगळीकडे दहा मिनिटं पुढे, आणि तिचा नवरा प्रसाद अठ्ठावीस वर्षांत वजाबाकीत तरबेज झाला होता. फोनबरोबर चालणारं घड्याळ शरयूच्या नजरेला दहा मिनिटं मागे पडलेलं दिसायचं. काच पुसली की काटा सरकवायचा, हे तिच्या हाताला तिच्या डोक्याची मदत न घेता येत होतं.

"विचार कर, एवढंच म्हणते," ती यामिनीला म्हणाली.

"तुम्हीही करा," यामिनी म्हणाली.

पाच वाजता वॉल्टर आले, हसून दोघींना बाहेर काढलं आणि कुलूप लावलं.

*

शनिवारी ऊन छान पडलं होतं. साठ-सत्तर माणसं जमली, त्यात महाराष्ट्र मंडळाची पंधरा-वीस तरी होती. यामिनीनं बाकरवड्यांचे तीन डबे आणले होते, ते अकराच्या आतच रिकामे झाले. निम्मी माणसं मोठ्या स्टेशनात थांबली, निम्मी गाडीत बसून लहान स्टेशनाकडे गेली. त्यांच्यात शरयू आणि यामिनी होत्या. कुलूप उघडायला कमिटीतल्या डोरिसबाई होत्या.

पावणेबाराला दार उघडलं. लोक आत शिरले, सगळ्यांनी आधी फोनकडे आणि मग घड्याळाकडे बघितलं. घड्याळात पाच कमी बारा झाले होते.

"वेल," डोरिसबाई म्हणाल्या, "धिस वन इज इन अ हरी."

लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. डोरिसबाईंनी वॉल्टरना फोन लावला.

मोठ्या स्टेशनात वॉल्टरनी तो ऐकला आणि फोनवर हात ठेवून राजारामांना हळूच सांगितलं. संजीव शेजारीच उभा होता. बाबांचा चेहरा पडताना त्यानं याआधी एकदाच पाहिला होता, आई गेली तेव्हा.

राजाराम उठले. बटणाचा संपर्क बघितला, बॅटऱ्या बघितल्या, नैनाकडून तारेतला करंट मोजून घेतला. सगळं ठीक होतं. ते आणखीच वाईट होतं, कारण सगळं ठीक असून घड्याळ चुकलं तर चूक आखणाऱ्याची.

"आजोबा, टेन मिनिट्स इज टू मच," नैना म्हणाली. "वीस तासांत दहा मिनिटं? इट डझन्ट मेक सेन्स."

"या वयात चुका मोठ्याच होतात, बाळ."

"बट वी टेस्टेड एव्हरीथिंग."

"तपासणारा मीच होतो ना." त्यांनी म्युझियमची निळी टोपी काढून टेबलावर ठेवली. "संजीव, शरयूला फोन कर. सोमवारी मी येतो म्हणावं."

संजीवचा प्रश्न सुटला होता. कुणाशी न भांडता, कुणाला न दुखवता, त्याला हवा होता तसाच. बहिणीचा नंबर लावताना त्याला स्वतःची शरम वाटली.

*

यामिनी नणंदेच्या शेजारीच उभी होती, त्यामुळे संजीवचा आवाज तिलाही ऐकू आला.

"ताई, बाबा तयार झालेत. सोमवारी येतील म्हणाले."

शरयूनं नुसतं "हं" म्हणून फोन बंद केला. आता ती आपल्याकडे विजयी मुद्रेनं बघेल, म्हणून यामिनी तोंडाशी एक उत्तर तयार ठेवून होती. पण शरयू घड्याळाकडे बघत होती. खोलीतलं तारेचं यंत्र दर सेकंदाला टक करत होतं, आणि प्रत्येक टकबरोबर घड्याळाचा सेकंदकाटा एक घर पुढे पडत होता. ना आधी, ना नंतर. शरयूनं फोन घड्याळाजवळ धरला. सेकंद दोन्हीकडे तेच होते. मिनिटंच तेवढी दहानं जास्त. मग तिनं स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

यामिनीला कालची ओली काच आठवली.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "काल पुसताना..."

"मला आठवलं."

मागे डोरिसबाई लोकांना जुना तिकिटाचा पंच दाखवत होत्या.

"तू सांगणार आहेस?" शरयूनं विचारलं.

यामिनीच्या जिभेवर 'हो' होतं. साडेपाचचा चहा त्या एका शब्दावर टिकणार होता. "नाही," ती म्हणाली. "बाबा तुमचे आहेत. तुम्ही ठरवा."

शरयूनं फोन उचलला, संजीवचं नाव काढलं आणि पुन्हा ठेवून दिला. बोलायला गेली असती तर तीस-पस्तीस माणसांत रडली असती. ती कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. तिथं दुसऱ्या तारेचं, बोलण्याच्या तारेचं बटण होतं. भुसावळला एका उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी दोन्ही मुलांना मोर्स शिकवला होता. संजीव आठवड्यात कंटाळला. शरयू जूनपर्यंत शिकत राहिली, कारण बाबांशी तासभर बोलायला मिळायचं ते तेवढ्यातच.

*

मोठ्या स्टेशनात बोलण्याच्या तारेचं यंत्र खडखडायला लागलं. वॉल्टरनी कान दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. निम्मी अक्षरं त्यांच्या मोर्सची नव्हती, आणि जी होती त्यांचे शब्द होत नव्हते. राजारामांनी मात्र पेन्सिल उचलली. इंग्रजी अक्षरांतून मराठी उतरत होतं, सावकाश, चुकत, पण उतरत होतं.

"काय म्हणतंय?" संजीवनं विचारलं.

राजारामांनी चष्मा सारखा करून कागद वाचला. "मी पुढे केला. काच पुसताना. आईसारखा." इथं ते थांबले. पुढची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही, कागद संजीवच्या हातात दिला. तिथं लिहिलं होतं, 'तुमचे चुकले नाही.'

राजारामांनी बटण ओढून घेतलं आणि एकच शब्द विचारला, 'सेकंद?'

उत्तर आलं, 'बरोबर.'

"आजोबा, वेट," नैना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "पेंड्युलम तारेनं धरलाय, पण काट्यांना तार काय करणार? इट्स बीन एक्झॅक्टली टेन मिनिट्स ऑफ ऑल नाइट. वुई हेल्ड इट देअर."

वॉल्टरना सगळं समजावून सांगायला पाच मिनिटं लागली, त्यातली तीन घराघरांत दहा मिनिटं पुढची घड्याळं का असतात हे सांगण्यात गेली. समजल्यावर ते इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. सगळी वरात लहान स्टेशनाकडे निघाली. वॉल्टरनी स्वतः पाच मिनिटं खडं उभं राहून सेकंद मोजले, मग कमिटीकडे वळून निकाल दिला. घड्याळ बरोबर वेळ दाखवत असतं, तर सकाळी कुणीतरी गुपचूप लावलं असेल अशी शंका घेता आली असती. पण चुकलेली वेळ वीस तास सेकंदाचाही फरक न पडू देता सांभाळायची, ही लबाडी कुणाला जमणार? राजाराम येत्या शनिवारपासून मुख्य. डोरिसबाईंनी काटा हलवणाऱ्या बाईंचा फोटो घड्याळाबरोबर काढून घेतला. शरयू फोटोत हसली आहे, पण डोळे लाल आहेत.

*

लोक परतीच्या गाडीत चढायला लागले तेव्हा शरयू फलाटावरच्या बाकावर एकटीच बसली होती. राजाराम येऊन शेजारी बसले.

"तू गप्प राहिली असतीस तर सोमवारी मी तुझ्याबरोबर विमानात असतो," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

शरयूनं नाक पुसलं. "आयुष्यभर तुम्ही स्वतःला चुकलेलं समजला असता. तसे बाबा नेऊन मी काय करणार होते?"

राजारामांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाप-लेकीत असं काही करायची पद्धत नव्हती, त्यामुळे हात जरा अवघडूनच ठेवला गेला.

"मला हेवा वाटतो यामिनीचा," शरयू म्हणाली. "हे कुणाला सांगू नका. ती सून असून तिला तुम्ही रोज मिळता. मला वर्षातून आठ दिवस. बर्फाचं खरंय, पण मी नुसती बर्फासाठी आले नव्हते." तिनं फोन काढला. "तिकीट कॅन्सल करते मी. पण एकदा विचारते. बाबा, तुम्हाला काय हवंय?"

राजारामांनी रुळांकडे पाहिलं. गाडीची शिट्टी झाली, संजीवनं डब्यातून हात केला, यामिनीनं त्याला खाली बसवलं.

"म्युझियम नोव्हेंबरच्या अखेरीला बंद होतं," ते म्हणाले. "थेट एप्रिलमध्ये उघडतं. बर्फात कोण येणार इथं? चार महिने मला इथं काही काम नसतं. मी म्हणणार होतो, तेवढे दिवस फ्रीमाँटला येतो. दरवर्षी."

शरयू त्यांच्याकडे वळली. "तुम्ही हे आधीच ठरवलं होतं?"

"जुलैमध्येच."

"मग दोन महिने आम्ही फोनवर भांडतोय, काल सकाळी तुमच्यासमोर भांडलो, आणि तुम्ही चहा पीत बसलात? बाबा, सांगायचं नाही?"

"तुम्ही दोघं मला वाटून घेत होतात. त्यात मी काय बोलणार?" राजाराम म्हणाले. "कुणी विचारलं की सांगेन, असं ठरवलं होतं. विचारलंस ती तू पहिली."